दारावरची पृथ्वी

जुन्या जालन्यातल्या ग्रहमास्तरांनी आपल्या दारावर नाव कधी लिहिले नाही. नावाच्या जागी पांढऱ्या तेलरंगाचे एक वर्तुळ होते आणि त्यात उभी-आडवी रेघ. ही पृथ्वीची खूण. खगोलशास्त्रात ती चालते. पत्रिकेत तिला जागा नाही. "सगळे ग्रह मांडतात," ते म्हणत, "अन् ज्याच्यावर बसून मांडून राह्यले, त्यालाच इसरतात."

शाळेत भूगोल शिकवणारे हे एकटे गृहस्थ कापडदुकानाच्या माडीवर भाड्याने राहत. संध्याकाळी गल्लीतली मुले जमत. मंगळाचे वर्तुळ आणि बाण काढून मास्तर सांगत, "लोक ह्याला ढाल-भाला म्हणतात. पण आपण पत्रिकेत 'मं' लिहितो ना, तशी ग्रीकांनी नावातली अक्षरं लिहिली. लिहून लिहून झिजली, खूण उरली. झिजल्या अक्षराला भिऊन पोरींची लग्नं मोडता व्हय?"

पुढे दुकानमालकाच्याच मुलीला पाहायला पाहुणे आले. त्यांनी दारावरची खूण पाहिली, करणीची शंका घेतली आणि ते चहा न घेताच परतले.

"मास्तर, पुसा ते. न्हाईतर खोली सोडा."

"कशाची खूण हाय, ते तर इचारा."

"मला इचारायचं न्हाई. जल्दी पुसा."

मी तेव्हा एका वकिलांकडे कारकून होतो. भाडेकरूने दारावर पृथ्वी काढू नये, असे कोणत्या कलमात आहे, हे मी मालकास लेखी विचारले. अज्ञानाला कायद्याचे संरक्षण नाही, हे वाक्य अधोरेखित केले. उत्तर येईना, म्हणून स्मरणपत्रे धाडली. अखेर मालकाने माघार घेतली. परंतु तोवर शेजाऱ्यांनी मुले पाठवणे बंद केले होते.

माघारीची वार्ता घेऊन मी माडी चढलो. मुलांसाठी ठेवलेले पेले माठाशेजारी उपडे होते, ट्रंक बांधलेली होती. मास्तरांनी जाफराबादेस बदली मागून घेतली होती.

"तुम्हाला इथून कोणीही काढू शकत नाही," मी संतापून म्हणालो.

"बराबर हाय, वकीलसाहेब," कारकुनाला ते मुद्दाम असे म्हणत. "राहायचा हक्क मिळाला. आता बोलायचं कुणासंगं, तेवढं एक कलम काढा."

मी त्यांची ट्रंक खाली नेली.

ते गेले. मालकाने दार रंगवले. त्या कृत्याविरुद्ध मी वर्तमानपत्रास धाडलेले पत्र छापले गेले नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पत्रावर, प्रेषकाच्या नावाआधी, मी ते वर्तुळ काढतो. टपाल खात्याने हरकत घेतलेली नाही. घेतल्यास उत्तर तयार आहे. मात्र ती खूण ओळखून आजवर कोणी उलट टपाली लिहिलेले नाही. जाफराबादेहूनही नाही.