टारमॅक, ॲप्रन आणि जैनाबादचे चार दिवस

"वहिनी, चार दिवस येता का? पल्लवीची मुलाखत आहे. घरात नुसती बडबड, आणि इंग्रजी म्हटलं की तोंडाला कुलूप."

माझी नणंद सुनंदा बुऱ्हाणपूरहून बोलत होती. तिच्या थोरल्या मुलीने इंदूरच्या विमानतळावर ग्राउंड स्टाफच्या जागेसाठी अर्ज केला होता. याआधी एका मुलाखतीत ती मध्येच गप्प झाली होती. या वेळीही तसंच झालं तर पुन्हा अर्ज करणार नाही, असं तिने आईला सांगून टाकलं होतं. मी नाशिकला मुद्रितशोधन करते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. त्यामुळे सासरच्या नातेवाइकांत मी 'इंग्रजीवाली मामी'. बुऱ्हाणपूर नीट बघायचं राहिलंच होतं, म्हणून निघाले. मुलीसाठी किती आणि शहरासाठी किती, ते तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं.

नाशिकरोडहून सकाळची गाडी घ्यावी, दिवसाउजेडी पोचता येतं. भुसावळ सोडलं की खिडकीतून केळीच केळी. बुऱ्हाणपूर स्टेशन गावापासून जरा लांब आहे. बाहेर शेअर रिक्षा मिळतात, इतवारा पेठेपर्यंत वीस-तीस रुपयांत नेतात. तिथे मावा जिलबी घेतली. काळसर, जड, पाकाने थबथबलेली. दोन खाल्ल्यावर जेवणाची आशा सोडावी. मग दुसऱ्या रिक्षाने तापीचा पूल ओलांडून जैनाबादला, सुनंदाच्या घरी.

चहा झाल्याबरोबर तालीम सुरू केली. मी प्रश्न विचारणार, पल्लवी उत्तर देणार. विमानापर्यंत नेणारी बस उशिरा आली तर काय करशील, असं विचारलं. ती छान बोलली: प्रवासी टारमॅकवर थांबतील, मी त्यांच्यासोबत उभी राहीन, त्यांना कारण सांगेन.

इथे मी थांबवलं. टारमॅक म्हणजे मुळात खडी आणि डांबर यांचा रस्ता. विमानं उभी राहतात ती जागा बहुतेक ठिकाणी काँक्रीटची असते आणि तिचं नाव ॲप्रन. विमान धावतं तो रनवे, तिथपर्यंत जातं तो टॅक्सीवे. बातम्यांत आणि प्रवाशांच्या बोलण्यात या सगळ्याला टारमॅक म्हणतात, पण ते ढोबळ आहे. मी हे उत्साहाने सांगितलं, मोबाइलवर चित्रंही दाखवली.

त्यानंतर पल्लवी प्रत्येक वाक्याआधी माझ्या तोंडाकडे बघू लागली. शेवटी म्हणाली, "मामी, आता बस. मला आधी जे येत होतं तेपण जाऊन राहिलं."

सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "पोरीला पास करायला बोलावलं वहिनी, नापास करायला नाही!" ती हसत होती. मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी पल्लवी तालमीला बसलीच नाही. "तुम्ही कुंडी भंडारा बघून या," म्हणाली. गेले. मुघलांच्या काळात सातपुड्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं, त्या भुयारी वाटा. लिफ्टने खाली उतरवतात. चालू आहे का ते आधी विचारून जावं, आणि भिजतील अशाच चपला घालाव्यात. खाली गारवा होता, घोट्यापर्यंत स्वच्छ पाणी होतं. बघण्यासारखी जागा आहे, एवढं प्रामाणिकपणे लिहिते. पण माझं लक्ष नव्हतं. शब्द बरोबर होता की मला बरोबर ठरायचं होतं, हेच डोक्यात घोळत होतं.

दुपारी विठ्ठलरावांच्या, म्हणजे सुनंदाच्या यजमानांच्या बागेत केळीची कापणी होती. मजूर घड डोक्यावर घेऊन बांधाकडे आणत होते. विठ्ठलराव फोनवर व्यापाऱ्याला सांगत होते, "हो हो शेठ, माल रोडवर आहे, गाडी पाठवा." माल होता मातीच्या बांधावर, डांबरी रस्ता बराच लांब दिसत होता. माझ्या चेहऱ्यावर ते आलं असणार.

"मामी, इकडे सगळे असंच बोलतात," पल्लवी म्हणाली. "माल बागेच्या बाहेर निघाला की रोडवर. शेठला तेवढंच पाहिजे."

तेवढ्यात ट्रक आला आणि पल्लवी पुढे धावली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "किधर लगाऊं, दीदी?"

"रोड-वोड छोडो, मेरी सुनो! नाल्याच्या अलीकडे, लिंबाखाली. पुढे माती गिली आहे, फसाल. ए काकू, मागून बाजूला व्हा, गाडी रिव्हर्स येऊन राहिली! आने दो, आने दो… बस!"

ट्रक बरोबर लिंबाखाली थांबला. मागचा रस्ता मोकळा झाल्याची खात्री करून तिने घड चढवायला सांगितलं. परत येताना ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "शेठला रोड, ड्रायव्हरला लिंबाखाली. मामी, तुमचं ते तसंच ना? प्रवाशाला टारमॅक, वायरलेसवर ॲप्रन?"

"तसंच," मी म्हणाले. पहिल्याच दिवशी मी हे असं का नाही सांगितलं?

मुलाखत तिसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉलवर होती. बाहेरच्या खोलीचं दार लोटलेलं, अलीकडे मी आणि सुनंदा मेथी निवडत. समोरच्या माणसाने इंग्रजीत विचारलं, एखादा प्रवासी फोटोसाठी टारमॅकवर रेंगाळला तर काय कराल?

पल्लवी थांबली. सुनंदाने माझा हात धरला. त्याने टारमॅक म्हटलं होतं, आणि मी तो शब्द तिच्या तोंडून काढून घेतला होता.

मग तिचा आवाज आला. मी त्यांना म्हणेन, सर, टारमॅकवर थांबणं धोक्याचं आहे, माझ्यासोबत बसपर्यंत चला. आणि वायरलेसवर कळवेन, ॲप्रनवर एक प्रवासी मागे राहिला आहे. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, नको तिथे "द" येत होता. पण पुढच्या प्रश्नांनाही ती अडली नाही.

चौथ्या दिवशी परतीची गाडी पकडली. नाशिकला आल्यावर आठवड्याभरात सुनंदाचा फोन आला: निवड झाली, आधी प्रशिक्षण. यात माझा वाटा किती, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं. मी गेलेच नसते, तर कदाचित ती पहिल्या दिवसासारखीच सरळ बोलली असती. 'इंग्रजीवाल्या मामीमुळे' असं नातेवाईक म्हणतात तेव्हा मला अवघडायला होतं.

विठ्ठलरावांनी तर पुलापलीकडे शहरातल्या बुधवारा पेठेपर्यंत पेढे वाटले. कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, 'आपली पल्लवी आता विमान चालवणार.' खाली अभिनंदनांची रांग. मी दुरुस्ती लिहायला घेतली, ग्राउंड स्टाफ म्हणजे काय ते, दोन ओळींत. तेवढ्यात पल्लवीचंच उत्तर आलं: 'हो बाबा. आधी मेकअप करायला शिकवणार आहेत.'

माझ्या दोन ओळी मी पुसल्या आणि अभिनंदन लिहिलं.