चिखलातल्या गाडीची नवी वायर

ती केस आठवली की अजून माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन आता तीन पावसाळे झाले, पण राग काही उतरत नाही. त्यातला निम्मा माझ्या स्वतःवरचा आहे, ते आधीच सांगून टाकते.

कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर उताराचं एक वळण आहे. तिथं दुपारी एका मोटरसायकलनं शेतावरून परतणाऱ्या बाईला उडवलं. बाईचा पाय मांडीत मोडला. चालवणारा औंढ्याचा, तिशीचा माणूस. पवनेकडच्या एका रिसॉर्टवर कामाला होता, बाजारातून भाजी घेऊन निघालेला. गाडी रिसॉर्टच्या शेठची. पडून त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं, तरी एकच वाक्य धरून बसला होता, "मी एक्सलेटर सोडला व्हता, गाडीच थांबंना."

ठाण्यात सगळे हसले. अपघात केलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. बाई शुद्धीत नव्हती, म्हणून तिच्या मुलाची फिर्याद घेतली. मुलानं अपघात पाहिलेलाच नव्हता. भरधाव आणि निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल झाला. जागेवरचा पंचनामा झाला. आवारात जप्त गाड्यांची इतकी दाटी होती की आणखी एक ठेवायला जागा नव्हती. शेठ म्हणाला, मी सांभाळतो, तपासणीला म्हणाल तेव्हा आणतो. मी सुपूर्दनाम्यावर सही केली आणि गाडी त्याच्या ताब्यात दिली. फौजदार असून मी एवढं ढळढळीत चुकले.

चौथ्या दिवशी बाईचा जबाब घ्यायला तळेगावच्या दवाखान्यात गेले. साठीची मावशी, पायाला वजन टांगलेलं. मला वाटलं, गाडीवाल्याला शिव्या घालेल. तिनं मलाच उलटं विचारलं, "बाय, तुमी त्याला धरलाय व्हय? त्यो ब्रेक दाबत व्हता. पाय मी बघितला त्याचा. पन गाडी वरडतच व्हती."

मी पेन खाली ठेवलं. ब्रेक दाबणारा माणूस एक्सलेटर पिळत नाही. तरी इंजिनाचा आवाज चढत असेल, तर एक्सलेटर अडकलेला असतो. मला हे कुणी शिकवलं नाही. वीस वर्षं स्वतःच्या मोटरसायकलवर ड्युटी केली, मॅकेनिक भेटेल तिथं उकिडवी बसून बघत शिकले. पुरुष हसायचे, मी वायर बदलून निघून जायचे.

चालकही त्याच दवाखान्यात होता, तिथूनच खालच्या मजल्यावर त्याच्याकडे गेले. विचारलं, आधी कधी अडकला होता का? म्हणाला, दोन महिने अडकत होता, शेठला चारदा सांगितलं. शेठ म्हणायचा, जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो. मुठीपाशी एक्सलेटरच्या वायरीचं वरचं कवच फुटलं होतं, त्यावर यानंच हिरवी टेप गुंडाळली होती.

गाडी ठाण्यात बोलावली. नखशिखांत चिखलानं माखलेली. शेठनं मुद्दाम धुतली नव्हती, हात लावला नाही हे दिसावं म्हणून. मूठ पिळून सोडली, टक्कन जागेवर आली. हँडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवून परत तेच केलं. लोण्यासारखी. मग वाकून बघितलं, तर टाकीखाली सगळीकडे वाळलेला चिखल आणि त्यातून जाणारी काळीभोर वायर, एक शिंतोडा नाही. हँडलवर जुन्या टेपचा हिरवा चिकटा तेवढा राहिलेला.

शेठला विचारलं, वायर कधी बदलली? म्हणाला, सहा महिने झाले.

कामशेतच्या त्याच्या मॅकेनिककडे गेले. आमच्याकडे जुनी वायर कुणी फेकत नाही, कुंपण बांधायला, वेल चढवायला शेतकरी मागून नेतात. गॅरेजात खिळ्याला जुन्या वायरींचा झुबका लटकलेला होताच. त्यातली हिरव्या टेपची मी पंचांसमोर काढून घेतली. आतल्या तारा निम्म्या तुटून कवचात फुलल्या होत्या आणि वरून डांबरासारखा चिकटा.

"यात काय ओतलं होतंस?"

"जळकं ऑइल, मॅडम." मान खाली. "वायर पार झिजली म्हनून सांगितलं व्हतं. शेठ म्हनले, तेल सोड, चालतंय. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी म्हनले, आता बदल."

जळकं ऑइल! इंजिनातनं काढलेली घाण! त्याला धूळ धरते, पावसात लगदा होतो आणि वायर कवचातच रुतते. तार तुटायला लागली की कुठलंही तेल तिला वाचवत नाही, ती बदलायचीच. चांगली असेल तर पातळ तेल, थेंब थेंब, वरच्या टोकातून. आणि चालत्या गाडीत अडकलीच तर क्लच दाबा, स्विच बंद करा, मग ब्रेक. हे त्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. भाजी वेळेत पोचली पाहिजे, एवढंच सांगितलं होतं.

शेठला समोर बसवून वायर टेबलावर ठेवली. तो चक्क हसला. "मॅडम, एवढ्याशा वायरीवरनं माझ्यावर केस?"

"वायरीवरनं नाही," मी म्हटलं. "तुमचं पाप त्या गरिबाच्या नावावर लिहायला निघाला होतात, म्हणून."

पुरावा नाहीसा करण्याचं कलम लागलं. चालकाचं नाव आरोपीतून काढून साक्षीदारात घातलं. वरिष्ठ म्हणाले, सुपूर्दनाम्याबद्दल जास्त लिहू नका. मी स्टेशन डायरीत सगळं लिहिलं, माझ्या सहीसकट. पुढं कोर्टात शेठच्या वकिलानं त्यावरूनच मला तासभर सोलून काढलं. सोलू दे. शेठ जामिनावर बाहेर, खटला अजून चालू आहे. मावशी काठी घेऊन चालते.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच, की ज्याला लागलंय त्याला आधी विचारा. आपण कागद पुरे करायच्या घाईत असतो.

नाव निघाल्याचं सांगायला गेले, तेव्हा चालकानं नोकरीचं विचारलं नाही की शेठचं. म्हणाला, "ताई, त्या मावशीला कळलं का, मी मुद्दाम न्हाई मारलं त्ये?"

मी म्हटलं, अरे, तिनंच तर सांगितलं आम्हाला.

तो रडायला लागला. मी बाहेर येऊन गाडीपाशी उभी राहिले. मावशी अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी शुद्धीवर आली होती. बोलायला तयार होती. मधले दोन दिवस आमच्यातलं कुणी तिच्याकडे फिरकलंसुद्धा नव्हतं.