मूर्तिजापूर रिकामं, तरी दिवा लाल

आमचे मोठेबाबा रोज दुपारच्या चहाआधी एक तरी रेल्वे अपघात करायचे.

घाबरू नका. इंजिन वीतभर, अन् लाइन त्यांच्या अकोल्याच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. रिटायर झाल्यावर प्लायवूडवर अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा वसवलं. पाट्या स्वतः रंगवल्या. सगळं डिजिटल. प्रत्येक इंजिनात चिप, त्यामुळे एकाच लाइनवर दोन गाड्या वेगवेगळ्या चालवता यायच्या.

मग त्यांचे हात थरथरायला लागले.

कंट्रोलरचं बटण वेळेवर फिरेना. गाडी जिथं थांबवायची तिथं थांबेना, समोरच्या गाडीवर जाऊन आदळायची. घरचे म्हणायला लागले, आता विकून टाका हे सगळं. मोठेबाबांनी जेवण सोडलं.

मी अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. एक दिवस मला फोन.

"हातानं नाही थांबवता येत मले. गाडीनं सोताच थांबलं पायजे. जमन का तुले?"

जमेल म्हटलं. झालं! अख्ख्या पावसाळ्यातले माझे रविवार अकोल्याला गेले.

आयडिया सोपी आहे. रूळ जागोजागी कापून तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याच्या वायरवर एक सेन्सर. इंजिन आलं की रुळातून करंट खेचतं, सेन्सरला कळतं, बोर्डावर त्या स्टेशनचा दिवा लाल होतो. मग मागची गाडी लॅपटॉप आपोआप रोखतो.

सोपी म्हणे! मोठेबाबा माझ्या डोक्यावर उभे राहून प्रत्येक सोल्डरिंगला नावं ठेवायचे. "शेण थापून राहिली का?"

दसऱ्याला उद्घाटन ठरलं. आदल्या दिवशी ट्रायल एकदम ओके.

सकाळी गल्ली जमली, अन् बडनेऱ्याची गाडी जागची हलेना. पुढे मूर्तिजापूरचा दिवा लाल. मूर्तिजापूरला तर चिटपाखरू नाही.

मी वायरी उपटल्या. सेन्सर बदलला. लॅपटॉपला शिव्या घातल्या. मोठेबाबांनी सगळ्यांसमोर माझी डिग्री काढली.

शेवटी रुळांवर वाकून पाहिलं. या रुळापासून त्या रुळापर्यंत हळदी-कुंकू. ओलंच.

दसरा म्हणून मोठ्या आईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पहाटेच लाइनची पूजा केली होती. वरून पाणीही शिंपडलं होतं. त्या ओल्या कुंकवातून करंट जात होता, अन् सेन्सर समजत होता की गाडी उभी आहे.

मोठेबाबा हसत सुटले. "अवो, मूर्तिजापूरले तुही पूजा उभी हाय!"

मी ते पुसलं. बडनेऱ्याची गाडी सुटली. मूर्तिजापूरला आपोआप थांबली. अकोल्याहून आलेली गाडी शेजारच्या रुळावरून निघून गेली.

मोठेबाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही. सांगायला लाज कसली.

त्यानंतर त्या लाइनवर एकही टक्कर नाही. मोठेबाबा रोज चहा घेऊन बसायचे, हात मांडीवर, थरथरू दे किती थरथरायचे ते.

गेल्या हिवाळ्यात ते गेले.

आज त्यांच्याशिवायचा पहिला दसरा. गाड्या सुरू करायला मी सकाळीच अकोल्याला आले. मोठ्या आईनं पूजा आधीच उरकली होती. तिला किती वेळा सांगितलं, पाणी नको म्हणून. ऐकेल तर शपथ.

लॅपटॉप लावला. मूर्तिजापूर लाल.

मी चिडून कापूस घेतला, स्पिरिटची बाटली उघडली. मोठ्या आईनं माझा हात धरला.

"नको पुसू. असतीन थे उभे तथी."

कापूस ठेवून दिला मी.

गाडी बडनेऱ्याला थांबली आहे. आम्ही दोघी चहा पितोय अन् मी हे लिहितेय. कुंकू वाळलं की दिवा आपोआप विझेल, गाडी सुटेल.

मोठेबाबा, घाई नाही. तुमचं झालं की निघा.