वाजवून आत जाणाऱ्या विमलबाई

विमलबाई स्वतःच्या घरातल्या रिकाम्या खोल्यांचीही दारं वाजवून आत जायच्या. दोनदा टकटक करायच्या, जरा थांबायच्या, मगच कडी काढायच्या. सिंदी रेल्वे या गावातल्या त्या भल्यामोठ्या बंगल्यात त्या एकट्याच राहत होत्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, वयानं जरा विसर पडला असेल.

मी विचारलंच, "बाई, आत कोणी नाई, मग वाजवता काऊन?"

"असो नसो. आपण बाहेरून येऊन राह्यलो, येवढं दाराले समजलं पायजे."

बाईंनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. लग्न केलं नाही. बंगला त्यांच्या आजोबांनी कापसाच्या व्यापारावर बांधलेला. भाऊ शहरांत गेले, घर बाईंच्या वाट्याला आलं आणि त्यांनी ठरवलं, इथे चित्रकारांनी, गाणाऱ्यांनी, नाटकवाल्यांनी यायचं. कामाला त्यांनी मला घेतलं. माझ्याकडे चित्रकलेची पदवी होती. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते.

कापसाच्या कोठीचं चित्रदालन करायचं होतं. सुतारानं फळ्या उचलल्या तर खालून सरकी आणि काळवंडलेला कापूस निघाला. मी झाडू घेतला.

"सगळंच नको झाडू, सुजाते. फटीत थोडं राहू दे. खोली कशाची होती, पाहुण्याले दिसू दे."

पहिल्या प्रदर्शनासाठी एका तरुण चित्रकारानं फाटकी पोती छताला टांगली होती. बाई त्यांच्यामधून दोन फेऱ्या मारून आल्या. "मले समजलं नाई. पण खोटं नाई वाटून राह्यलं. राहू दे."

उद्घाटनाच्या पत्रिकेवर माझं नाव छापलं होतं. ती मी बाबांना दाखवली. बाबांनी तरुणपणी याच घरी हमाली केली होती. खांद्यावरचं ओझं पायरीशी उतरायचं, तिथून दुसरा कोणी ते आत न्यायचा. कापूस आत जायचा, बाबा बाहेर थांबायचे. आमची बौद्धवस्ती, त्यामुळे कारण कुणी सांगायची गरज नव्हती.

बाबांनी माझ्या नावावरून बोट फिरवलं. "तुह्यं नाव आलं, मले लय झालं. पण मी नाई येत, बेटा. त्या पायरीवर लय उभा राह्यलो मी."

बाबा नसतील तर ते उद्घाटन माझ्यासाठी कशाचं? मी बाईंना सरळ सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत त्या आमच्या वस्तीत आल्या. आमचं दार सताड उघडं, नुसता पडदा. बाईंनी चौकट वाजवली.

"कोन?"

"विमल. येऊ का आत?"

बाबांची धांदल उडाली. त्यांनी खुंटीवरचा शर्ट अंगात घातला, मग म्हणाले, "या." तोवर बाई उन्हात उभ्या होत्या.

चहा झाल्यावर त्या बोलल्या. "लहान होती तवा माह्या बापासंगं, बापूसंगं, याच वस्तीत आलती. बापूले मानसं पायजे होते कामावर. त्यानं एका घराचा पडदा सारला न् सरळ आत. आत बाई न्हाऊन राह्यलती. तिनं आवाज नाई केला, नुसती भिताडाकडे फिरली. आमच्या घरात तुमाले येऊ देत नव्हते, न् तुमच्या घरात आमी बिनविचारता शिरत होतो. तवापासून कोनतंही दार दिसलं का वाजवाले हात आपोआप जाते." कप खाली ठेवून त्या उठल्या. "मी तुमचं वाजवलं, दादारावभाऊ. आता तुमी माह्यं वाजवजा."

बाबा हो म्हणाले नाहीत.

उद्घाटनाला पाहुणे जमले, देवळीहून भजनी मंडळ आलं. माझं लक्ष रस्त्याकडे. आणि बाबा आले, माझ्या पदवीदानाला शिवलेला शर्ट घालून. पण पायरीशी येऊन थबकले. बाई दारातच होत्या.

"आता काऊन थांबले?"

"उघड्या दाराले काय वाजवू, बाई?"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "थांबा," म्हणाल्या आणि पाहुण्यांना मागं सारून त्यांनी ते जड सागवानी दार लावून घेतलं. भजनी मंडळाचे टाळसुद्धा थांबले.

बाहेरून टकटक झाली.

"कोन?"

"दादाराव. सुजाताचा बाप."

"या."

दार मी उघडलं. बाबा आत आले. पोत्यांखाली बराच वेळ उभे राहिले, मग हात वर करून एक पोतं चाचपलं. "हे असं खांद्याले घासते," ते बाईंना म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. त्यांच्या खोलीत आता पाहुण्या चित्रकारांनी राहायचं, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. खोली आवरायला मी गेले, बाबा सोबत होते. मी दार वाजवलं आणि उभी राहिले. आतून कोणी "ये" म्हणेना. कडीकडे हात जाईना.

बाबांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जा आता, बेटा. दाराले समजलं."