लॅपटॉपवरची शिरोरेघ

मुलीच्या लग्नाला दोन महिने होते तेव्हा तिने मला एक काळी पाटी आणून दिली. ती त्याला टॅबलेट म्हणाली. टॅबलेट म्हणजे काचेचा, चित्रं दिसणारा असणार असं मी धरून चाललो होतो, म्हणून मी ती पाटी पुढून पाहिली, मागून पाहिली, चालू करायचं बटण शोधलं. बटण नव्हतं. सोबत एक पेन होतं, त्यात शाई नव्हती.

"तुला बिघडलेली दिली," मी सांगून टाकलं.

"बाबा, हिच्यावर काही दिसत नसतं. ही लॅपटॉपला जोडायची. लिहायचं हिच्यावर, बघायचं लॅपटॉपवर."

"म्हणजे लिहिलेलं असतं कुठे?"

"लॅपटॉपमध्ये."

"आणि हिच्यात?"

"हिच्यात काहीच नाही."

ज्या पाटीवर लिहिलेलं तिच्यात राहत नाही, तिला पाटी तरी कशाला म्हणायचं हे मला अजून कळलेलं नाही.

मी पेंटर. भिंती रंगवणारा नव्हे, अक्षरं काढणारा. दुकानांच्या पाट्या, शाळांची नावं, बागायतदारांच्या गेटवरची घराची नावं, मंडळांचे फलक. आचोळ्याला चाळीत राहत होतो तेव्हा घरापासून स्टेशनापर्यंत चालत गेलो की दोन्ही बाजूंना माझीच अक्षरं दिसायची. मग फ्लेक्स आले आणि पाट्या एकेक करून उतरल्या. लोकांना मी सांगायचो की फ्लेक्समुळे काम सोडलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं हे की माझा उजवा हात हलायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरण्यासारखं नाही. घाबरलो मी नव्हतोच, मला लाज वाटत होती. बायको आणि मुलगी सोडली तर हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या दोघींशीही मी यावर बोलत नसे.

मुलगी शाळेत होती तेव्हा मी तिला शब्द दिला होता, तुझ्या लग्नपत्रिकेची अक्षरं माझ्या हातची असतील. ती तो विसरली असेल असं मला वाटायचं. पत्रिका छापणाऱ्याने तिला 'फाइल पाठवा' म्हणून सांगितलं आणि ती ही पाटी घेऊन आली, तेव्हा कळलं की विसरली नव्हती. मी विसरलोय असं दाखवत होतो, तेवढंच.

पहिल्या रविवारी तिने वायर लावली. लॅपटॉपवर इंग्रजीत एक चौकट आली.

"काय म्हणतोय?"

"टॅबलेट ओळखता येत नाही म्हणतोय."

"इतकी जाड वायर लावून ओळखता येत नाही?"

"तसं होतं कधीकधी."

आमच्या विरारच्या बिल्डिंगमध्ये एका जिन्यावरची माणसं अकरा वर्षं एकमेकांना ओळखत नाहीत, तिथे या दोघांकडून किती अपेक्षा ठेवायची. तिने वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. कसलासा प्रोग्रॅम उतरवून घेतला. लॅपटॉप बंद करून चालू केला. तासाभराने पाटीच्या कोपऱ्यात पांढरा दिवा लागला. तिने पेन माझ्या हातात दिलं, "लिहा."

मी सवयीने आधी 'श्री' काढायला गेलो. पाटी कोरी ती कोरीच. मी आणखी जोर दिला. "बाबा, वर बघा," ती म्हणाली. वर लॅपटॉपवर एक गांडूळ पडलेलं होतं.

आता माझी अडचण सांगतो. चाळीस वर्षं मी नजर ब्रशच्या टोकावर ठेवून काम केलं. टोकावरून नजर हलली की अक्षर गेलंच, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगितलेलं. आणि इथे मुलगी म्हणत होती, हाताकडे अजिबात बघायचं नाही. म्हणजे भात कालवायचा आपल्या ताटात आणि बघायचं शेजारच्याच्या.

सोमवारी ती ऑफिसला गेली आणि मी माझं डोकं चालवलं. वायर पाटीच्या डाव्या बाजूने निघायची आणि माझ्या डाव्या हाताला सारखी लागायची. मी पाटी फिरवून वायर उजवीकडे घेतली. त्यानंतर मी जे काही केलं ते मलाच समजेना. हात वर नेला की रेघ खाली जायची. उजवीकडे नेला की डावीकडे पळायची. वेलांटी काढायला गेलो तर उकारासारखं काहीतरी व्हायचं. मला वाटलं, यालाच हिची सवय होणं म्हणतात, आणि मी सवय करायला लागलो. मंगळवारी संध्याकाळपर्यंत मला उलट्या हाताने बऱ्यापैकी 'क' जमायला लागला होता.

मुलीने घरी आल्यावर पाटी बघितली आणि तोंडावर हात ठेवून आत निघून गेली. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. "अहो," बायको बाहेर येऊन म्हणाली, "तुम्ही ती उलटी धरलीय." सरळ केली तर दोन दिवसांची कमाई वाया गेली आणि मी पुन्हा पहिलीत.

मग मी ती कपाटाला टेकवून उभी केली, कारण मी कधी आडव्यावर लिहिलेलं नाही. डाव्या हातात माझी जुनी काठी धरली. अक्षरं काढताना उजवं मनगट तिच्यावर टेकवायचं असतं. लॅपटॉप बाजूच्या खुर्चीवर. म्हणजे तोंड कपाटाकडे, मान खुर्चीकडे आणि हात पाटीवर. एक अक्षर झालं की मी पेनाचं टोक फडक्याला पुसत होतो. का पुसत होतो, विचारू नका. शेजारीण साखर मागायला आली होती, ती साखर न घेता बराच वेळ उभी राहिली.

दोन आठवडे असे गेले. मी हट्टाने बसायचो. गांडुळं निघायची, मी पुसायचो. रोज वाटायचं, उद्या सांगून टाकू की जमत नाही, कॉम्प्युटरमधलीच तयार अक्षरं घे. रोज ती यायची आणि काही न विचारता चहा टाकायची, आणि माझं सांगणं राहून जायचं.

मग एका रविवारी चमत्कार झाला. मी नेहमीसारखा बसलो, लॅपटॉपवर नजर ठेवली आणि 'श' काढला. तो 'श' आला. माझा 'श', त्या पोटाच्या वळणासकट. मी 'शु' केला, 'भ' केला. शिरोरेघ ओढली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, कुठे फुगलेली नाही की दचकलेली नाही. रेघ पेनाच्या जरा मागून यायची एवढंच, पण लॅपटॉप जुना, तो दमत असेल असं मला वाटलं. मी अख्खी ओळ काढली आणि बायकोला हाक मारली.

"हात सुधारला," मी म्हणालो.

ती ओल्या हातांनी आली, ओळ बघितली आणि तशीच देवापुढे नारळ फोडायला गेली. मुलगी तिथेच मोबाइलमध्ये बघत होती. तिने मान वर केली नाही. संध्याकाळी चहाचा कप बशीवर पूर्वीसारखाच वाजला. पण कप काठोकाठ भरला होता, आणि आनंदात असलेला माणूस असल्या गोष्टी मनावर घेत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नंदाखालला फोन लावला. तिथले एक बागायतदार, माझ्याच वयाचे, केळी-नारळाची वाडी आहे. त्यांच्या वडिलांच्या वेळी गेटवर घराचं नाव मीच काढलं होतं. नवं घर बांधल्यावर त्यांनी मला पुन्हा बोलावलं, तेव्हा डोळ्यांचं कारण सांगून मी टाळलं होतं. आता म्हणालो, डोळे बरे आहेत, येतो.

जुना डबा उघडला, ब्रश बघितले, एकाचे केस शाबूत होते. बसने गेलो. गेटच्या भिंतीला पांढरा रंग देऊन ठेवलेला होता. घरात ते बायकोशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलले आणि बाहेर येऊन माझ्याशी शहरातलं मराठी बोलायला लागले, "पेंटर, आधी पानी घ्या, मग काम." मी पाणी प्यायलो. खडूत बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर रेघ पाडली, काठी टेकवली, ब्रश लाल रंगात बुडवला आणि शिरोरेघ ओढली.

ती हलली. वीतभर जाईपर्यंत तीनदा हलली. मी रॉकेलच्या फडक्याने पुसली आणि पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी श्वास धरून ओढली आणि तेव्हा पहिल्यांदाच, किती दिवसांनी, ब्रशच्या टोकाकडे नीट बघितलं. टोक थरथरत होतं. ते पूर्वीइतकंच थरथरत होतं.

मला काही म्हणजे काही समजेना. हाच हात. कालच सरळ होता. घरी सरळ आणि नंदाखालला वाकडा, असा हात असतो का? पाटीवर जमतं आणि भिंतीवर नाही? मी आयुष्यभर भिंतीवरच तर काढली अक्षरं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"भिंतीला ओल आहे," मी म्हणालो. "पावसाची. रंग धरत नाही. वाळू दे, मग बघू."

पाऊस जाऊन महिना होऊन गेला होता. ते भिंतीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरं, वाळू दे." आणि जाताना मला शहाळं दिलं. बसमध्ये ते शहाळं मांडीवर घेऊन बसलो आणि विरार येईपर्यंत उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला.

मुलगी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, असं का होतं, तुमच्या या वायरमध्ये काय आहे? ती रडवेली झाली. लॅपटॉप उघडून तिने एका कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे एक बारीक पट्टी होती, तिच्यावर सरकणारा ठिपका.

"ही रेघ स्थिर करते, बाबा. हात हलला तरी रेघ हलत नाही. त्या शनिवारी मीच वाढवून ठेवली. तुम्हाला रोज पुसताना बघवत नव्हतं."

"किती वाढवलीस?"

"ऐंशी."

"शून्य कर."

तिने केली. मी पेन उचललं आणि शिरोरेघ ओढली. पहिल्या रविवारचं गांडूळ परत आलं.

मी फार चिडलो. मला फसवलंस म्हणालो. मी काय लहान मूल आहे का म्हणालो. तिने सांगायचा प्रयत्न केला की सगळेच हे वापरतात, हात चांगला असलेलेसुद्धा, यात फसवणूक काही नाही. ते खरंही असेल. पण देवापुढे नारळ फुटला होता, नंदाखालची भिंत तीन वेळा पुसून झाली होती, आणि मला सगळ्यात जास्त राग याचा होता की त्या रविवारी मी किती खूश झालो होतो. मग राग ओसरला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं. तिच्यासाठीही वाटलं.

सकाळी ती ऑफिसला निघताना म्हणाली, "उद्या फाइल द्यायचीय. पट्टी कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही चालेल."

ती गेल्यावर मी ठिपका ऐंशीवर नेऊन एक पत्रिका काढली. सुरेख आली. फार वर्षांत इतकी सुरेख अक्षरं मी काढली नव्हती, आणि ती मी काढली होती की नाही हे मला सांगता येईना. मग शून्यावर आणून दुसरी काढली. जेवण झाल्यावर पुन्हा काढली. संध्याकाळपर्यंत नऊ झाल्या. नवव्यात मुलीचं नाव बऱ्यापैकी उतरलं, फक्त वरची रेघ मध्ये दोन ठिकाणी दचकलेली होती. ऐंशीवरची आणि ही नववी, दोन्ही फाइली मी तशाच उघड्या ठेवल्या. तिने आल्यावर उभ्याउभ्याच बघितल्या आणि मला न विचारता नववी पाठवली.

तिसऱ्या दिवशी छापणाऱ्याचा फोन आला. मुलगी आंघोळीला गेली होती, मी उचलला.

"काका, डिझाइन छान आहे. नावावरची रेघ जरा हललीय. मी इथे सरळ करून देतो, दोन मिनिटांचं काम."

खरं सांगतो, 'करा' हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. हललेली शिरोरेघ मी आयुष्यात कोणाची खपवून घेतली नव्हती.

"राहू द्या," मी म्हणालो. "लिहिणाऱ्याचा हात हलतो."

"असं का. बरं," तो म्हणाला, आणि कागद कुठला घ्यायचा ते विचारायला लागला.

देवापुढची पत्रिका ठेवून झाल्यावर बाहेरची पहिली मी नंदाखालला नेली. बागायतदारांनी ओट्यावर बसून चष्मा लावला. तारीख, वेळ काही वाचायच्या आधी त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि मग गेटच्या भिंतीकडे बघितलं. भिंत मी सोडून गेलो तशीच पांढरी होती.

"भिंत कोरडीच होती हो त्या दिवशी," मी म्हणालो.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "रंग मीच तर लावलेला. ब्रश आणलेत का?"