डोळ्याची लपवलेली गोष्ट

तेलंगण वेगळं झालं त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या मेंदूत डाग दिसला. हैदराबादेत, कुकटपल्लीतले डॉक्टर म्हणाले, "गाठ असेल किंवा एमएस, म्हणजे मज्जातंतूंचा आजार. एमएस असेल तर बहुधा आधीही काही झालेलं असतं. कधी नजर गेली होती?"

तिचा डावा डोळा महिनाभर अंधारला होता, पण तेव्हा स्थळं बघणं चालू होतं, म्हणून आम्ही वाच्यता केली नव्हती. आताही शेजारी तिची सासू बसली होती. आई म्हणाली, "कधीच नाही." मी, शिकलेली मुलगी, मान खाली घालून बसले.

गाठ समजून डोकं उघडलं. गाठ नव्हतीच, उजवा हात मात्र कायमचा लुळा पडला.

आईने रडत कबुली दिली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "डोळ्याचं मला लग्नाआधीच कळलं होतं. तुमची इज्जत राहावी म्हणून मी गप्प बसले."