टुलींचं शेत

डिम्फना कॉनाटी लग्न होऊन डेरीनाहेलीत आली त्याला चौपन्न वर्षं झाली, तरी गावाच्या तोंडी ती अजून ‘नदीपलीकडची’च. नको त्या बाबतीत या गावाची आठवण फार तल्लख. गावाच्या नावातच ओकचं रान आहे, ‘डेरी’ म्हणजे तेच. रान कधीच तुटलं, नाव तेवढं कुणाला तोडता आलं नाही.

शेतांची नावं तिला सासूने शिकवली, पहिल्याच वसंतात, गाई हाकताना, फाटकागणिक एक. शेवटच्या फाटकाशी म्हातारीने आवाज उतरवला. “याला आपण खालचं शेत म्हणतो. पण हे टुलींचं. जमीनदाराने त्यांना घराबाहेर काढलं, ही जमीन कुणी घ्यायची नाही असं गावाने ठरवलं, आणि आपण घेतली. बाहेर बोलायचं नाही. विसरायचंही नाही.”

डिम्फनाने दोन्ही पाळलं. नवरा गेला, मुलं कॅनडात गेली. त्यांना शेतंच आठवत नव्हती, नावं कुठली! ऐंशी ओलांडल्यावर तिला एकच घोर लागला: आपल्याबरोबर टुलीही मातीत जाणार.

म्हणून जिल्ह्यातून ग्रॉनिया नावाची मुलगी शेतांची नावं नकाशावर टिपायला आली, तेव्हा डिम्फनाने चहा ठेवला, सोड्याचा पाव कापला. धाकटा दीर मॅलकी न बोलावता येऊन बसलाच. एकेक नाव लिहून झालं.

“आणि नदीकाठचं हे, आजी?”

“खालचं शेत,” मॅलकी घाईने म्हणाला.

“ते नको लिहूस, पोरी. टुलींचं शेत लिही,” डिम्फना म्हणाली.

“वहिनी! झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ तुमच्या पणजोबांची, भावजी. झाकून झाकून हात माझा दुखतोय.”

“नदीपलीकडच्यांना काय जातंय बोलायला!”

हे तिला फार लागलं. जन्मभर या घरचं झाकलं, आणि तरी परकीच! पण ती थांबली नाही. टुलींना बाहेर काढलं तिथपासून, चर्चमध्ये कॉनाटींच्या बाकावर त्यांच्या शेजारी बारा वर्षं कुणी बसलं नाही तिथपर्यंत, सगळं सांगितलं. ग्रॉनिया लिहीत गेली.

मॅलकी उठला. आता हा दार आपटून जाणार, असं डिम्फनाला वाटलं. त्याने चष्मा पुसला, नकाशावर वाकून शेताच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

“घर इथे होतं,” तो म्हणाला, “काटेरी झुडपाशी. माणसं सात. आईने माझ्याकडून सातही नावं पाठ करून घेतली होती. सांगतो, लिही.”